अन्नाचे वावडे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणी विदुषी बोलवाव्यात, त्यांनी शाल-श्रीफळ स्वीकारावे आणि चार गोड शब्द सांगून जावे, असा आपला शिरस्ता आहे. यंदाच्या पाहुण्याबाईंना ऐनवेळी येता आले नाही, आणि चिटणीसबाईंनी माझा दरवाजा ठोठावला. "तुम्ही तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवलेत, तेव्हा शास्त्रावरच बोला; मात्र तास घेऊ नका," अशी त्यांची अट होती. अट पाळण्याचा प्रयत्न करते. पण शिक्षिकेची सवय जाता जात नाही, तेव्हा मधूनच मी कोणाला प्रश्न विचारला तर उभे राहायचे कारण नाही.

विषय मी निवडला आहे तो नुसत्या शास्त्राच्या हौसेने नव्हे. आपले पोळीभाजी केंद्र, आपल्या दिवाळीच्या फराळाच्या मागण्या आणि माझ्या हातून घडलेली एक चूक, या तिन्हींशी त्याचा संबंध आहे. चूक आधी सांगते.

माझा नातू आता सहा वर्षांचा आहे. आपणांपैकी पुष्कळजणींनी त्याला मंडळात पाहिलेले आहे. पेटीवाल्या बाईंच्या मागे उभा राहून भाता हलवू पाहणारा तोच. तो तीन महिन्यांचा असताना त्याच्या गालांवर आणि कोपरांच्या लवणीत इसब उठले. कातडी कोरडी, लालभडक, खाजवून खाजवून ओली झालेली. सूनबाई नोकरीवर रुजू झाल्यावर दिवसभर तो माझ्याकडे असे. माझे घर म्हणजे अस्सल मराठी घर. दाण्याच्या कुटाचा डबा कधी रिकामा नाही. दर आठवड्याला दाणे भाजायचे, सुपात पाखडून साले उडवायची आणि कूट करायचे. तो तिथेच फरशीवर पालथा पडून माझ्याकडे बघत असे. त्याच हातांनी मी त्याला उचलीत होते. दाणे मात्र त्याच्या तोंडात जाऊ द्यायचे नाहीत, असा माझा कडक नियम. एका जुन्या बालसंगोपनाच्या पुस्तकात मी वाचले होते, की ज्या मुलाला इसब आहे त्याला तीन वर्षांपर्यंत भुईमूग देऊ नये. आणि छापलेले ते खरे, ही तर आम्हा मास्तरणींची श्रद्धाच.

चौदाव्या महिन्यात त्याने माझ्या ताटातली दाण्याची चटणी बोटाने चाटली. पाच-दहा मिनिटांत ओठांभोवती गांधी उठल्या. मी म्हटले, पित्त उठले; आमसुलाचे पाणी लावले, आणि तासाभराने गांधी बसल्याही. सूनबाईने मात्र दुसऱ्याच दिवशी रजा घेऊन त्याला डॉक्टरांकडे नेले. तपासणी झाली. दाण्याचे वावडे आहे, दाणा आणि दाण्याचा कोणताही पदार्थ देऊ नका, असे लेखी मिळाले. मी तो कागद वाचला, आणि मनात म्हटले, आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं.

त्यानंतरची दुसरी संक्रांत. घरी हळदीकुंकू होते. तिळगुळाचा लाडू म्हटला की त्यात कूट आलेच. पोर सारखे ताटाभोवती घुटमळत होते. मी अर्धा लाडू त्याच्या हातावर ठेवला. 'तिळाचा तर आहे, आणि एवढ्याशाने काय होतंय,' हे शब्द मी बोलले की नुसते मनात म्हटले, ते आज आठवत नाही. बायका वाण घेत होत्या. तो आधी घसा खाजवल्यासारखे करू लागला, मग ओकला, मग त्याचा आवाज बसला. कुत्र्याच्या पिल्लासारखा खोकू लागला. आणि मग एकदम मऊ पडला, ओल्या फडक्यासारखा. सूनबाईने त्याला उचलले आणि हळदीकुंकवाच्या साडीनिशी रिक्षा गाठली. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिले. काही मिनिटांत त्याचा श्वास मोकळा झाला. त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो, म्हणून रात्रभर ठेवून घेतले. त्या रात्री सूनबाई मला एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरे वाटले असते.

सकाळी घरी आल्यावर मी विचारले, "तू मला काही बोलत का नाहीस?" ती म्हणाली, "आई, मी बोलून काय होणार? तो कागद तुम्ही वाचलाच होता." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. वाचला होता, पण समजला नव्हता. मग मी समजून घ्यायला बसले. आज सांगणार आहे ते त्या बसण्यातून आलेले आहे.

मैत्रिणींनो, आपली भाषा या बाबतीत जरा घोळ घालते. 'वावडे' हा शब्द आपण कशालाही लावतो. मला कारल्याचे वावडे आहे, म्हणजे आवडत नाही. वांग्याने बाधते, म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे वात होतो. दूध पचत नाही हेही वावडेच. पण दुधातली साखर पचवणारा पाचक रस मोठेपणी कमी झाला, म्हणून पोट फुगते आणि ढाळ होतात. ती पोटाची अडचण आहे. त्रासदायक खरी, पण तिने जीव जात नाही. मी ज्याविषयी बोलते आहे ते वावडे पोटाचे नव्हे. ते शरीरातल्या पहाऱ्याचे आहे. त्यालाच ॲलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली घडवला.

शरीरातला पहारा म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणा. देवी, गोवर, घटसर्प यांच्याशी लढते तीच. लस टोचली की ती रोगजंतूची ओळख लक्षात ठेवते आणि पुढल्या खेपेला सज्ज असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आता ही ओळख लक्षात ठेवण्याची शक्ती उलटली तर काय होईल? त्याचे उत्तर एका राजाच्या जहाजावर सुरू झालेल्या प्रयोगांतून मिळाले.

मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट याला समुद्रसंशोधनाचा भारी नाद होता. १९०१ साली त्याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ एका विषारी सागरी प्राण्याचा अभ्यास करीत होते. परत पॅरिसला आल्यावर त्यांनी समुद्रपुष्प नावाच्या प्राण्याचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग चालवले. विषाचा थोडा थोडा डोस दिला तर कुत्रा विषाला सरावेल अशी त्यांची अटकळ. झाले उलटेच. पहिला डोस पचवून धडधाकट झालेल्या कुत्र्याला तीन-चार आठवड्यांनी अगदी अल्प मात्रा टोचली, तर तो अर्ध्या तासाच्या आत मेला. म्हणजे पहिल्या डोसाने त्याचे रक्षण झाले नव्हते, तो अधिक हळवा झाला होता. रिशे यांना या शोधाबद्दल १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून एक नियम निघतो, आणि तो पदराला गाठ मारून ठेवावा. पहिल्या भेटीत काही दिसत नाही. पहिल्या भेटीत शरीर नुसते वैरी ठरवते. घाव बसतो तो पुढच्या भेटीत.

हा नियम वाचला आणि मी अडले. माझ्या नातवाने ती चटणी चाटली ती आयुष्यात पहिल्यांदा. मी स्वतः पहारा केला होता. त्याआधी दाण्याचा कणही त्याच्या पोटात गेला नव्हता. मग पहिल्याच भेटीत गांधी कशा उठल्या? त्याचा अर्थ एकच. ती पहिली भेट नव्हती. आधी कुठे तरी गाठ पडली होती, आणि ती तोंडावाटे नव्हती. हे कोडे पुढे सोडवू. आधी घाव कसा बसतो ते पाहू.

दाण्यातली काही प्रथिने मोठी चिवट असतात. पोटातल्या पाचक रसांनी ती पुरती तुटत नाहीत. ज्याला वावडे आहे त्याच्या रक्तात या प्रथिनांसाठी एक विशेष प्रतिपिंड तयार झालेले असते. प्रतिपिंड म्हणजे कुलपासारखी वस्तू समजा, एका ठरावीक किल्लीसाठी केलेली. प्रतिपिंडांच्या अनेक जाती आहेत. या वावड्यातल्या जातीला आयजीई म्हणतात. ती रक्तात फार थोडी असते. बहुतेक जाऊन चिकटते मास्ट पेशींना. या पेशींना पाउल एअर्लिख याने १८७८ साली नाव दिले. त्या कातडीखाली, नाकाघशात, श्वासनलिकांत, आतड्यांत ठिकठिकाणी बसलेल्या असतात, आणि प्रत्येकीच्या पोटात दारूगोळ्याच्या असंख्य पुड्या भरलेल्या. त्या पुड्यांतला मुख्य पदार्थ हिस्टामिन. दाण्याचे प्रथिन येऊन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरते, तेव्हा पेशीला इशारा मिळतो आणि सगळ्या पुड्या एकाच वेळी फुटतात. हिस्टामिनने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि पाझरू लागतात. ते कातडीत झाले की गांधी. ओठांत झाले की सूज. श्वासनलिका आवळल्या की घरघर. आतड्यांत झाले की ओकारी आणि कळा. आणि सगळ्या अंगभर एकदम झाले की रक्ताचा दाब कोसळतो. पोर ओल्या फडक्यासारखे होते ते यामुळे.

हे आयजीई शोधण्याची कथा मला फार आवडते. १९२१ साली जर्मनीतल्या ब्रेस्लाउ गावी कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर असे दोन डॉक्टर होते. क्युस्टनरला शिजवलेल्या मासळीचे वावडे. प्राउस्निट्झने त्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग काढून स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच मासळीचा अर्क टोचला. त्याला स्वतःला मासळी उत्तम पचत होती. पण नेमकी तिथेच मोठी गांध उठली. म्हणजे वावडे रक्तातल्या कशात तरी होते आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे नेता येत होते. ते 'काही तरी' काय, हे कळायला पुढे पंचेचाळीस वर्षे गेली. १९६६ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी ते वेगळे करून दाखवले. त्याच सुमारास स्वीडनमधल्या संशोधकांनाही ते सापडले. इशिझाका पतिपत्नींनी टोचून पाहण्यासाठी स्वतःचीच कातडी वापरली. तेरुकोबाईंचे नाव आमच्या शाळेच्या पुस्तकांत कधी आले नाही. मी तीस वर्षांत एकदाही घेतले नाही, म्हणून आज इथे मुद्दाम घेते.

एवढे धोकादायक प्रतिपिंड देवाने दिले तरी कशाला, असे कोणी विचारील. बहुतेक शास्त्रज्ञांचे मत असे, की हा पहारा मुळात जंतांसाठी आणि काही विषांसाठी असावा. आतड्यातला जंत एखाद्या रोगजंतूसारखा गिळून टाकता येत नाही. त्याला ओकारी, ढाळ, खोकला, शिंका यांनी बाहेरच ढकलावे लागते. नीट पाहिले तर वावड्याची सारी लक्षणे 'बाहेर ढकला' या एकाच हुकमाची आहेत. हुकूम बरोबर, गुन्हेगार चुकीचा.

आता कोड्याकडे वळते. आपण रोज परके पदार्थ पोटात घालतो. भात, डाळ, दूध, मासे, सगळी प्रथिने परकीच. तरी पहारा गप्प राहतो. कारण आतड्याच्या वाटेने जे येते ते पाहुणा म्हणून येते. तिथल्या पेशी त्याचे तुकडे घेऊन जवळच्या गाठींत जातात, आणि तिथे नियामक पेशी तयार होतात. त्यांचे काम इतर पेशींना आवरणे. 'हा घरचा आहे, याला हात लावू नका,' असा निरोप त्या देतात. ही ओळख लहानपणी होते आणि वरचेवर भेटीने पक्की होते.

पण तेच प्रथिन फाटलेल्या कातडीतून आत शिरले तर? कातडी ही भिंत आहे. भिंतीतून येणारा पाहुणा नसतो, चोर असतो. इसबामुळे भिंतीला चिरा पडलेल्या असतात. कित्येक मुलांत कातडीच्या वरच्या थराला घट्टपणा देणारे फिलॅग्रिन नावाचे प्रथिन जन्मतःच कमी असते. जखमी कातडीच्या पेशी धोक्याची घंटा वाजवीत असतात. त्या गोंधळात पहारेकरी पेशी दाण्याच्या प्रथिनाचा तुकडा उचलून गाठीत नेतात, आणि तिथे निराळ्याच जातीच्या टी पेशी जाग्या होतात. त्या बी पेशींना सांगतात, आयजीई घडवा. घडलेले आयजीई मास्ट पेशींवर जाऊन बसते. मुलाने अजून दाणा चाखलेलाही नसतो, आणि दारूगोळा भरून तयार.

हा विचार लंडनच्या गिडियन लॅक या बालरोगतज्ज्ञांनी जोरकसपणे मांडला. २००३ साली त्यांच्या गटाने दाखवले, की ब्रिटनमधील ज्या मुलांना दाण्याचे वावडे झाले त्यांना लहानपणी भुईमुगाचे तेल असलेली मलमे कातडीला अधिक प्रमाणात लावलेली होती. पुढे घरातल्या धुळीत दाण्याचे प्रथिन किती आहे हेही मोजले गेले, आणि ज्या मुलांना इसब आहे त्यांच्या घरी ते जितके जास्त, तितका वावड्याचा धोका जास्त, असे आढळले.

माझ्या डोळ्यांसमोर माझी फरशी आली. पाखडलेली साले, उडणारे कूट, आणि त्यावर पालथे पडलेले, खाजवून कातडी फाटलेले पोर. त्यामुळेच झाले असे मी शपथेवर सांगणार नाही. एका मुलाच्या बाबतीत तसे कोणालाच सांगता येत नाही. महाराष्ट्रात घरोघर दाणे पाखडतात आणि लाखो मुले त्यात रांगून धडधाकट वाढतात. रक्तातला कलही लागतो. पण तोंडाची वाट मी बंद ठेवली आणि कातडीची वाट मला दिसलीच नाही, एवढे खरे.

आणि तो छापील सल्ला? तो माझ्या पुस्तकाने मनाने रचलेला नव्हता. १९९८ साली ब्रिटनमध्ये आणि २००० साली अमेरिकेत, ज्या मुलांना धोका अधिक त्यांना तीन वर्षांपर्यंत भुईमूग देऊ नये, असे मोठ्या जबाबदार मंडळींनीच सांगितले होते. तरी वावडे वाढतच गेले. २००८ साली अमेरिकेने तो सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी लॅक यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधील ज्यू मुले आणि इस्राएलमधील ज्यू मुले, म्हणजे रक्त सारखेच. पण ब्रिटनमध्ये दाण्याचे वावडे सुमारे दहापट अधिक. फरक कुठे? इस्राएलमध्ये 'बांबा' नावाचा मक्याचा हलका कुरकुरीत खाऊ मिळतो, वरून दाण्याचा लेप दिलेला. तिथली बाळे दात येण्याच्या वयापासून तो चघळतात.

मग त्यांनी खरी परीक्षा घेतली. इसबाचा जोर असलेली किंवा अंड्याचे वावडे असलेली ६४० बाळे निवडली, चार ते अकरा महिन्यांची. ज्यांच्या कातडीच्या चाचणीत दाण्याचे वावडे आधीच जोरात दिसले त्यांना वगळले. निम्म्यांना पाच वर्षे दाणे अजिबात नाहीत; उरलेल्यांना आठवड्यातून तीनदा तरी दाण्याचा पदार्थ. २०१५ साली निकाल आला. न खाणाऱ्यांत शंभरांत १७ जणांना वावडे, खाणाऱ्यांत शंभरांत ३ जणांना. २०२४ साली त्याच मुलांची, आता तेरा-चौदा वर्षांच्या पोरांची, पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही ते संरक्षण टिकलेले होते. जुना सल्ला नुसता निरुपयोगी नव्हता. तोंडातून होणारी ओळखच त्याने लांबवली होती.

इथे दोन गोष्टी बजावते, नाही तर माझ्या भाषणाने कोणाच्या तरी घरी अनर्थ व्हायचा. अख्खा दाणा पाच वर्षांखालील मुलाला कधीच देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. द्यायचे ते गुळगुळीत वाटून, पातळ करून. आणि ज्या बाळाला जोराचे इसब आहे, किंवा एखादा पदार्थ खाल्ल्यावर गांधी उठल्या आहेत, त्याला आजीने आपल्या मनाने काही चाटवू नये. आधी डॉक्टर.

आपल्याकडे हे कितपत आहे, असा प्रश्न मला विचारला जातो. कर्नाटकात वीस ते चोपन्न वर्षांच्या लोकांची मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. रक्तचाचणीत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडली अशी माणसे शंभरांत सव्वीस. पण खरोखर वावडे असावे अशी शंभरांत जेमतेम एक. म्हणजे चाचणीचा कागद हा नुसता इशारा आहे. आयजीई असूनही बहुतेकांना काहीच होत नाही. हल्ली रक्त काढून पन्नास पदार्थांची यादी हातात देतात आणि घाबरलेली आई मुलाचे दूध, गहू, डाळ, सगळेच बंद करते. पोर वाळून जाते. खाल्ल्यावर काय झाले, किती वेळात झाले, याची हकीकत पहिली, चाचणी दुसरी.

शिवाय आपली वावडी आपल्या स्वयंपाकघरातली आहेत. हरभऱ्याच्या वावड्यावर मुंबईच्या संशोधकांनी २००१ साली लिहिले. आपल्या बेसनाचा पसारा पाहता ते ध्यानात ठेवावे. आमच्या कोकणातल्या मैत्रिणींना कोळंबीचे सांगते. तिच्यातले जे प्रथिन त्रास देते ते उकळून, तळूनही जात नाही, आणि त्याच घराण्यातले प्रथिन घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांत आणि झुरळांत असते. त्यामुळे धुळीने शिंका येणाऱ्या काहींना कोळंबीही बाधते. दुधाअंड्यांचे वावडे पुष्कळ मुलांत वाढत्या वयात निघून जाते. दाण्याचे मात्र पाचांत एकाचेच जाते. माझा नातू त्या एकात आहे का, ते अजून ठरायचे आहे.

दाण्याविषयी आणखी एक, कारण पावसाळ्यात मला हमखास विचारतात. भाजलेल्या दाण्यातली प्रथिने उकडलेल्यापेक्षा आयजीईला अधिक घट्ट धरतात, हे खरे. पण म्हणून वावडे असलेल्याला उकडलेल्या शेंगा चालतात असे मुळीच नाही. तेलाचेही तसेच. कारखान्यात शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. आपल्या लाडक्या घाणीच्या तेलात उरते.

आणि प्रसंग आलाच तर काय करावे? नुसत्या गांधी असतील तर डॉक्टरांनी दिलेली गोळी पुरते. पण आवाज बसला, श्वास घरघरला, पोर मलूल पडले, पुन्हा पुन्हा ओकू लागले, तर आमसूलही नको आणि गोळीची वाट पाहणेही नको. तिथे औषध एकच, ॲड्रिनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ते आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करते आणि पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या आवळते. हिस्टामिनच्या नेमके उलट. तोवर रोग्याला आडवे ठेवून पाय उंच करावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये, चालवू नये. १०८ क्रमांक फिरवावा. आम्ही त्या दिवशी पोराला खांद्यावर उभे धरून नेले. तेही चुकलेच होते, हे नंतर कळले.

आता मंडळाशी बोलते. बाजारातल्या पुड्यांवर भुईमूग, काजू-बदाम, दूध, गहू, सोयाबीन, अंडे, मासे, कोळंबी यांचा उल्लेख करणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. आपल्या केंद्राच्या डब्यावर कोणी नियम लावीत नाही. तो आपणच लावावा, अशी माझी विनंती आहे. फळ्यावर भाजीचे नाव लिहितो, त्याखाली 'दाण्याचे कूट आहे', 'काजू वाटून घातले आहेत' एवढी एक ओळ. कुटाचा चमचा वेगळा, आणि तो दुसऱ्या डब्यात बुडवायचा नाही. कोणी बाई 'माझ्या मुलाला चालत नाही' म्हणाली तर हसायचे नाही. "थोडंसं घाल गं, काही होत नाही," हे वाक्य आपल्या स्वयंपाकघरातून हद्दपार करावे. ते माझे वाक्य आहे, म्हणून मला त्याची किंमत ठाऊक आहे.

गेल्या वर्षी आमच्या घरी नात आली. तिच्याही गालांवर जरासे इसब होते. या खेपेस आम्ही कातडीला दोन वेळा साधे मलम चोळले, आणि पाचव्या महिन्यातच सूनबाई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. चाचणी स्वच्छ निघाली. पण घरात भाऊ असा, तिथे दाणे आणायचे कसे? शेवटी असे ठरले, की नातू शाळेत गेला की माझ्या स्वयंपाकघरात, आठवड्यातून तीन सकाळी, चमचाभर दाण्याची गुळगुळीत पेस्ट पाण्यात कालवून द्यायची. मग ओटा, वाटी, हात, पोरीचे तोंड, सगळे साबणाने धुवायचे आणि फडके वेगळे ठेवायचे. पहिला चमचा डॉक्टरांसमोर झाला. दुसऱ्या दिवशी घरी सूनबाईने वाटी कालवली, चमचा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, तुम्हीच द्या. मी घड्याळ बघते."

दोघी अर्धा तास तिच्या तोंडाकडे बघत बसलो. काही झाले नाही. पोरीने आणखी मागितले.

फळ्याचा खडू मी आणून ठेवला आहे. तिळगुळाचे लाडू यंदा दोन ताटांत करावेत, एक कुटाचे आणि एक नुसत्या सुक्या खोबऱ्याचे, असे चिटणीसबाईंशी बोलणे झाले आहे. तिळाचेही वावडे असणारी माणसे असतात, तेव्हा तीळ नसलेल्या हलव्याची वाटीही असू द्यावी. खोबऱ्याच्या ताटाचे लाडू मी वळीन. त्या दिवशी कुटाला हात लावणार नाही.